परित्यक्त लोहमार्ग आणि खडीची सायकलवाट : मिसूरीतील केटी मार्गाचे उदाहरण

ग्रामीण प्रदेशातून शेकडो किलोमीटर सलग जाणारा, मोटारींच्या वर्दळीपासून मुक्त असा खडीचा सायकलमार्ग ही वस्तू प्रथमदर्शनी अत्यंत साधी वाटते. तिला डांबर लागत नाही, काँक्रीट लागत नाही, दिव्यांचे खांब लागत नाहीत. तथापि असा मार्ग कोऱ्या नकाशावर नव्याने आखू गेल्यास दोन मोठ्या अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण भूपृष्ठाची होय. डोंगर, नाले व नद्या ओलांडताना मार्गाचा चढ एवढा वाढतो की सामान्य मनुष्यास सायकल चालविणे कष्टाचे होते. दुसरी अडचण भूस्वामित्वाची होय. शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनींतून एक अखंड पट्टा मिळवावयाचा, तर त्यांपैकी एकाचाही नकार संपूर्ण योजना निष्फळ करू शकतो.

एकोणिसाव्या शतकातील लोहमार्ग-कंपन्यांनी या दोन्ही अडचणी आपल्या प्रयोजनापुरत्या सोडविल्या होत्या. त्यामुळे गाडी बंद झाल्यावर मागे राहिलेल्या पट्ट्यावर सायकलमार्ग करण्याची कल्पना स्वाभाविक ठरते. परंतु या दोन वारशांचे स्वरूप एकसारखे नाही. भराव, खोदाई व पूल यांनी साधलेला सौम्य चढ गाडी थांबल्यानंतरही टिकून राहतो. उलट जमिनीवरील हक्क बहुधा गाडीशीच निगडित असतो, व गाडी थांबताच तो लोप पावण्याचा संभव निर्माण होतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी राज्यात असलेला ‘केटी’ मार्ग या दोन्ही वारशांचे सुस्पष्ट उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार भूगोल, स्थापत्य आणि विधी या तीन अंगांनी केला आहे.

१. पार्श्वभूमी

अमेरिकेतील लोहमार्गांचे जाळे १९१६ च्या सुमारास सर्वाधिक विस्तारले होते. त्या वेळी त्याची लांबी सुमारे २,५४,००० मैल, म्हणजे चार लक्ष किलोमीटरांहून अधिक होती. पुढे मोटार व मालमोटार यांच्या स्पर्धेत उपमार्ग तोट्यात जाऊ लागले, आणि १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने कंपन्यांना तोट्याचे मार्ग बंद करणे सुलभ झाले. रूळ उखडले गेले. भराव झाडाझुडपांनी व्यापले.

या पट्ट्यांचा पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी उपयोग करावा, हा विचार प्रथम मध्यपश्चिमेत रुजला. निसर्गाभ्यासक मे थिलगार्ड वॉट्स यांनी १९६३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्रास पत्र लिहून शिकागोच्या पश्चिमेकडील एका बंद पडलेल्या विद्युत्-लोहमार्गाची वाट राखण्याची सूचना केली. त्यातून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ हा मार्ग उदयास आला. विस्कॉन्सिन राज्याने एल्रॉय ते स्पार्टा हा सुमारे ३२ मैलांचा परित्यक्त मार्ग विकत घेऊन १९६७ मध्ये लोकांस खुला केला. त्यावर तीन बोगदे असून सर्वांत लांब बोगदा ३,८१० फुटांचा आहे.

‘केटी’ हे नाव मिसूरी–कॅन्सस–टेक्सस या लोहमार्ग-कंपनीच्या आद्याक्षरांवरून रूढ झालेले लोकप्रचलित नाव होय. कंपनीचा मिसूरी राज्यातील मार्ग सेंट लुइसजवळच्या मॅचेन्स गावाकडून पश्चिमेस मिसूरी नदीच्या काठाकाठाने बूनव्हिलपर्यंत जाई व तेथे नदी ओलांडून सेडेलियाकडे वळे. ऑक्टोबर १९८६ मध्ये नदीला आलेल्या पुराने या मार्गाची मोठी हानी झाली. दुरुस्तीचा खर्च भागेल एवढी वाहतूक उरली नसल्याने कंपनीने मार्ग सोडून देण्याची अनुज्ञा मागितली.

त्याच वेळी राज्यशासनाने हा पट्टा सायकलमार्गासाठी ताब्यात घेण्याची इच्छा दर्शविली. व्यावसायिक एडवर्ड ‘टेड’ जोन्स व त्यांच्या पत्नी पॅट यांनी मार्गाची खरेदी व बांधणी यांसाठी सुमारे २२ लक्ष डॉलरांची देणगी दिली. १९९० मध्ये रोशपोर्ट येथे पहिला भाग खुला झाला. पुढे युनियन पॅसिफिक कंपनीने सेडेलिया ते क्लिंटन हा ३३ मैलांचा पट्टा दान दिला. आज मॅचेन्स ते क्लिंटन अशी या मार्गाची लांबी सुमारे २४० मैल, म्हणजे ३८६ किलोमीटर आहे.

२. चढाचे गणित

पोलादी चाक व पोलादी रूळ यांमधील घर्षण अल्प असते. त्यामुळे जड गाडी अल्प शक्तीने ओढता येते. परंतु त्याच कारणाने इंजिनाची चाके तीव्र चढावर घसरू लागतात. म्हणून लोहमार्ग आखणाऱ्या अभियंत्यास चढ शक्यतो शंभरास एक किंवा दोन एवढाच ठेवावा लागे. त्यासाठी त्याने टेकड्या फोडल्या, सखल भागांत भराव घातले आणि वळणे विस्तीर्ण ठेवली. केटी मार्गावरही चढ बहुतांशी शंभरास दोनाच्या आत राहतो.

सायकलस्वाराच्या दृष्टीने या सौम्यतेचे महत्त्व थोडक्या आकडेमोडीने स्पष्ट होते. स्वार व सायकल यांचे एकत्रित वस्तुमान ९० किलोग्रॅम धरले, तर त्यांचे वजन सुमारे ८८० न्यूटन भरते. शंभरास एक या चढावर गुरुत्वाचा मागे ओढणारा घटक ८.८ न्यूटन होतो, व ताशी १५ किलोमीटर वेगाने जाण्यास त्यापोटी सुमारे ३७ वॅट शक्ती खर्ची पडते. चढ शंभरास सहा झाला की हाच आकडा सुमारे २२० वॅटवर जातो. सामान्य निरोगी मनुष्य दीर्घकाळ साधारणतः ७५ ते १०० वॅट एवढीच शक्ती देऊ शकतो. अर्थात पहिला चढ तो बसूनच पार करतो, तर दुसऱ्या चढावर त्यास वेग पुष्कळ कमी करावा लागतो किंवा खाली उतरून सायकल ढकलावी लागते.

खडीमुळे होणारा विरोधही याच मापाने तोलता येतो. चांगल्या डांबरी रस्त्यावर लोटनविरोधाचा गुणक ०.००५ व दाबलेल्या बारीक खडीवर त्याच्या दुप्पट धरला, तर खडीचा अतिरिक्त विरोध सुमारे ४.४ न्यूटन येतो. हा विरोध शंभरास अर्धा एवढ्या चढाइतका होय. म्हणजे डांबराऐवजी खडी पसरल्याने जो तोटा होतो तो सौम्य चढामुळे होणाऱ्या लाभाच्या मानाने क्षुल्लक आहे. वृद्ध व बालके यांस असे मार्ग सुसाध्य होतात याचे मुख्य कारण हेच.

३. पृष्ठभागाची रचना

रूळ व स्लीपर काढून नेल्यावर त्यांखालील जाड खडीचा थर बहुधा जागेवरच राहतो. गाड्यांच्या भाराने अनेक दशके दाबला गेल्याने तो उत्तम पाया ठरतो. त्यावर केटी मार्गाप्रमाणेच इतर अनेक मार्गांवर चुनखडकाची बारीक खडी, तिच्या कचीसह, पसरून रोलरने दाबतात.

या ठिकाणी कचीचे कार्य लक्षात घेतले पाहिजे. नदीतील गोटे वाटोळे असल्याने चाकाखाली सरकतात. यंत्राने फोडलेल्या खडीचे तुकडे कोनदार असतात. ते एकमेकांत अडकून बसतात. त्यांमधील पोकळ्या कचीने भरल्या म्हणजे थर घट्ट होतो. शिवाय चुनखडकाची भुकटी ओली होऊन पुन्हा सुकली की काहीशी सिमेंटाप्रमाणे धरते. सगळी कच गाळून टाकलेली स्वच्छ खडी दिसण्यास नीटनेटकी असली, तरी अशा मार्गास ती अयोग्य ठरते, कारण तिच्यात चाक रुतते.

पाणी हा या पृष्ठभागाचा मुख्य शत्रू आहे. मार्गाचा मध्य किंचित उंच ठेवणे, किंवा एका बाजूस उतार देणे, आणि जुन्या गाडीमार्गाचे चर व मोऱ्या साफ राखणे, यांवर त्याचे आयुष्य अवलंबून असते. पावसानंतर थर मऊ पडतो, कोरड्या दिवसांत धूळ उडते, कडेचे गवत आत सरकते. प्रारंभीचा खर्च अल्प, परंतु देखभाल अखंड, असे या रचनेचे स्वरूप आहे.

केटी मार्गाच्या बाबतीत नदीची भूमिका दुहेरी आहे. नदीकाठ सपाट म्हणून अभियंत्यांनी तो निवडला. सपाट म्हणूनच तो पुराच्या आवाक्यात येतो. १९८६ च्या पुराने गाडीचा अंत केला, आणि १९९३ च्या महापुराने नव्यानेच झालेल्या सायकलमार्गाचे लांबलांब पट्टे उद्ध्वस्त केले. याच महापुरानंतर मार्गावरील ऱ्हाइनलँड हे लहानसे गाव नदीकाठावरून उठून उंच भूमीवर पुन्हा वसले. गावास स्थलांतर करता आले; मार्गास ते करता आले नाही. त्याची दुरुस्ती त्याच रेषेवर करावी लागली.

४. परित्यागाचा प्रश्न

लोहमार्ग-कंपन्यांस जमीन नानाविध प्रकारे मिळाली होती. काही ठिकाणी त्यांनी ती पूर्ण स्वामित्वाने विकत घेतली. अनेक ठिकाणी मात्र त्यांस केवळ सुविधाधिकार मिळाला होता. महाराष्ट्रातील वाचकास शेतात जाण्या-येण्याच्या वहिवाटीवरून या अधिकाराचे स्वरूप सहज ध्यानी येईल. वहिवाटीचा हक्क असणारा मनुष्य दुसऱ्याच्या बांधावरून जाऊ शकतो. त्यामुळे बांध त्याच्या मालकीचा होत नाही. लोहमार्गाचा सुविधाधिकारही ‘गाडी चालविण्यापुरता’ होता. कंपनीने गाडी कायमची बंद करून परित्याग केला की अधिकार संपुष्टात येई व जमिनीवरील तो भार उतरून मूळ मालकाच्या वारसास किंवा लगतच्या शेतकऱ्यास ती मोकळी मिळे.

या स्थितीत शेतकऱ्यांची अपेक्षा न्याय्य होती, हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या पूर्वजांनी गाडीसाठी पट्टा दिला होता, सायकलस्वारांसाठी नव्हे. पट्टा परत मिळाल्यास दुभंगलेले शेत एक होणार होते. उलट सायकलमार्ग झाल्यास अनोळखी माणसे शेताच्या मधून जाणार, कुंपणे व जनावरे यांची चिंता वाढणार, आणि हे सर्व त्यांची संमती न घेता होणार होते.

दुसऱ्या बाजूस सार्वजनिक हिताचा विचारही तेवढाच गंभीर होता. पट्ट्याची रुंदी सरासरी १०० फूट धरली, तर २४० मैलांच्या मार्गाचे क्षेत्रफळ केवळ २,९०० एकरांच्या आसपास येते. शेतजमीन म्हणून हे क्षेत्र राज्याच्या मानाने नगण्य होय. त्याचे खरे मूल्य त्याच्या सलगपणात आहे, आणि सलगपणा एकदा भंगला की तो पुन्हा जुळविणे जवळजवळ अशक्य असते. शेकडो मालकांपैकी प्रत्येकास नकाराधिकार असला म्हणजे सर्वांस उपयुक्त अशी वस्तू कोणासच वापरता येत नाही. विधिज्ञ मायकेल हेलर यांनी १९९८ मध्ये ज्या स्थितीस ‘प्रति-सामायिकाची शोकांतिका’ अशा अर्थाचे नाव दिले, तिचे हे एक चपखल उदाहरण म्हणता येईल.

१९६८ च्या राष्ट्रीय वाट-व्यवस्था कायद्यात १९८३ मध्ये केलेल्या दुरुस्तीने या पेचातून मार्ग काढला. त्यास ‘रेलबँकिंग’ म्हणतात. पेढीत ठेव राखावी तसा लोहमार्ग भविष्यासाठी राखून ठेवावयाचा, असा त्याचा आशय आहे. एखादी शासकीय किंवा खासगी संस्था पट्ट्याची व्यवस्था, कर व कायदेशीर दायित्व पत्करण्यास तयार असेल आणि कंपनी त्यास संमत असेल, तर तेथील वाटेचा उपयोग अंतरिम मानला जातो. अंतरिम उपयोग म्हणजे परित्याग नव्हे, असे कायदा सांगतो. परित्याग झालाच नाही, तेव्हा सुविधाधिकारही संपला नाही. या सर्व रचनेचा आधार एवढाच की, गाडी कधी काळी परत येऊ शकेल. काही थोड्या ठिकाणी ती परत आलीही आहे. परंतु बहुतेक मार्गांवर ही शक्यता कागदावरच राहिली आहे.

भारतीय परिस्थितीशी तुलना केल्यास या रचनेचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार संपादित जमीन सर्व भारांपासून मुक्त होऊन शासनाकडे संपूर्णतया निहित होत असे. त्या कायद्याने घेतलेल्या जमिनीवरून गाडी बंद झाली, तरी केवळ त्या कारणाने ती मूळ मालकाकडे आपोआप जात नसे. सुविधाधिकारावर उभ्या असलेल्या अमेरिकन लोहमार्गांच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न सर्वांत कळीचा ठरला.

५. न्यायालयांचा कौल

नव्या तरतुदीविरुद्ध अनेक दावे झाले. मिसूरीतील जमीनमालकांनी केटी मार्गास दिलेले आव्हान १९८९ मध्ये आठव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने अमान्य केले. व्हरमाँट राज्यातील एका दांपत्याचा असाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी १९९० मध्ये त्या न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, हा कायदा वैध आहे; लोहमार्ग राखून ठेवणे हा संसदेच्या अधिकारातील हेतू आहे; परंतु त्यामुळे कोणाची मालमत्ता हिरावली गेली असेल, तर त्यास शासनाकडे नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग खुला आहे.

म्हणजे मार्ग राहील की नाही, हा प्रश्न त्या दिवशी सुटला. त्याची किंमत कोणी द्यावयाची, हा उरला. त्याच दांपत्याच्या प्रकरणात १९९६ मध्ये संघीय मंडल न्यायालयाने त्यांना भरपाईचा हक्क असल्याचे ठरविले. २००० मध्ये केटी मार्गालगतच्या मालकांनाही दाव्यांच्या संघीय न्यायालयात यश आले : मिसूरीच्या कायद्यान्वये गाडीसाठी दिलेला सुविधाधिकार सायकलमार्गास पुरत नाही, म्हणून मार्ग राखल्याने त्यांची मालमत्ता घेतली गेली, असा निर्णय झाला. भरपाईचा भार राज्यावर अथवा कंपनीवर न पडता संघीय कोशावर पडतो, कारण संघीय कायद्यानेच जमिनीचे परत जाणे रोखलेले असते.

जेथे ही तरतूद लागू केली गेली नव्हती, तेथील स्थिती २०१४ च्या एका निर्णयावरून दिसून येते. १८७५ च्या कायद्याने सार्वजनिक भूमीतून दिलेला लोहमार्गाचा अधिकार हा केवळ सुविधाधिकार होता आणि परित्यागानंतर तो संपला, असे सर्वोच्च न्यायालयाने वायोमिंगमधील प्रकरणात आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने ठरविले. परित्यागापूर्वी राखून न ठेवलेला पट्टा किती सहज विखुरतो, हे यावरून लक्षात येते.

६. बूनव्हिलचा पूल

सलगपणाचे महत्त्व बूनव्हिल येथील पुलाच्या वादात विशेष प्रकर्षाने प्रकट झाले. मिसूरी नदीवरील हा लोहमार्गाचा पूल १९३२ मध्ये बांधण्यात आला. जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा ४०८ फूट लांबीचा मधला भाग वर उचलण्याची योजना होती. गाड्या बंद झाल्यावर तो भाग वर उचललेल्या स्थितीतच राहिला, आणि सायकलस्वार शेजारच्या महामार्गाच्या पुलावरून नदी ओलांडू लागले. त्यामुळे जुना पूल निरुपयोगी आहे, असा कोणाचाही समज होणे शक्य होते.

पुढे पुलाची मालकी असलेल्या युनियन पॅसिफिक कंपनीने त्याचे पोलाद अन्यत्र वापरण्याचे ठरविले. तेव्हा राज्याच्या महान्यायवादीने आक्षेप घेतला. पूल काढला तर लोहमार्ग नदीवर तुटेल. तुटलेल्या मार्गावरून गाडी परत येण्याची शक्यता उरणार नाही. आणि ती शक्यता नष्ट झाली, तर संपूर्ण मार्गाचा कायदेशीर आधारच डळमळेल, असा त्यामागील युक्तिवाद होता. वाद अनेक वर्षे चालला. अखेर २०१० मध्ये कंपनीने पूल काढण्याचा बेत सोडून तो शहराकडे देण्यास संमती दर्शविली. ज्यावरून कोणी जात नव्हते असा पूल इतर शेकडो किलोमीटरांच्या संरक्षणासाठी आवश्यक मानला गेला, ही गोष्ट रेलबँकिंगच्या तत्त्वाचे मर्म दाखविते.

७. ग्रामीण जीवनावरील परिणाम

लोहमार्गाने पाच-दहा मैलांवर स्थानके दिली होती, व स्थानकांभोवती लहान गावे वाढली होती. गाडी बंद पडल्यावर ती ओस पडू लागली. सायकलस्वाराचा दिवसाचा प्रवास मर्यादित असल्याने त्यास जेवण, पाणी व मुक्काम याच अंतरांवर लागतो. स्थानकांची जुनी मांडणी अशा रीतीने नव्या प्रवाशास उपयुक्त ठरली. मोटारीतून जाणारा मनुष्य ज्या गावी थांबत नाही तेथे सायकलस्वारास थांबणे भाग पडते. जर्मन वसाहतींच्या काळापासून द्राक्षलागवडीसाठी प्रसिद्ध असलेले, आणि १९८० मध्ये देशातील पहिला अधिकृत द्राक्षमद्य-प्रदेश म्हणून मान्यता मिळालेले ऑगस्टा हे गाव याच मार्गावर आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार मार्गावर वर्षाला सुमारे चार लक्ष लोक येत असून त्यांच्यामुळे होणारी आर्थिक उलाढाल सुमारे १ कोटी ८५ लक्ष डॉलरांची होती.

हा लाभ व्यापक असला, तरी तो ज्यांच्या शेतांतून मार्ग जातो त्यांनाच मिळतो असे नाही. खानावळ चालविणाऱ्यास ग्राहक मिळतो. शेतकऱ्याच्या वाट्यास त्याचे दुभंगलेले शेत येते. भरपाईचे निर्णय यामुळेच महत्त्वाचे ठरतात. त्यांच्या अभावी सार्वजनिक सुखसोयीचा संपूर्ण भार पट्ट्यालगतच्या थोड्या कुटुंबांनी वाहिला असता.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, खडीच्या सायकलमार्गाची सुसाध्यता मुख्यत्वे त्याच्या सौम्य चढावर अवलंबून असते. पृष्ठभागाचे स्थान त्याखालोखाल आहे. दुसरी, अशा मार्गाचे मूल्य क्षेत्रफळात नसून सलगपणात असते, म्हणून तो राखण्याचा निर्णय रूळ निघण्यापूर्वी, किंबहुना परित्याग पूर्ण होण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तिसरी, सलगपणा राखण्याचा अधिकार समाजास असला, तरी तो विनामूल्य नाही. केटी मार्गाच्या बाबतीत वाट १९९० मध्ये खुली झाली आणि लगतच्या मालकांचा हक्क न्यायालयात मान्य होण्यास २००० साल उजाडले. या दहा वर्षांच्या अंतराची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. भविष्यात कोठेही अशी योजना आखताना वाटेचा नकाशा व भरपाईचा हिशेब हे दोन्ही एकाच वेळी तयार असणे इष्ट होय.